मुरांब्याची कुळकथा

गेल्या वैशाखात बेळगावनजीकच्या येळ्ळूर गावी एका स्नेह्यांच्या घरी देवकार्यानिमित्त जाण्याचा योग आला. पूजा आटोपली, देवासमोर नैवेद्याचे पान वाढले गेले. केळीच्या पानावर डाव्या बाजूस मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर आणि त्यांच्या शेजारी एका लहानशा वाटीत केशरी रंगाचा कैरीचा मुरांबा होता. घरच्या आजींनी तो चार दिवस खपून केला होता. इतक्यात पाहुण्यांपैकी एक वृद्ध आणि व्युत्पन्न गृहस्थ म्हणाले, "वहिनी, मुरब्बा हा शब्दच मुळी अरबी. देवाच्या पानावर तो कशाला?" आजींनी वाद घातला नाही. "बरं, राहिलं," एवढेच त्या म्हणाल्या आणि वाटी उचलून आत घेऊन गेल्या.

प्रसंग घडला तो इतकाच. परंतु त्या उचललेल्या वाटीची रुखरुख आमच्या मनातून गेली नाही. गृहस्थांचे म्हणणे शब्दापुरते खरे होते. प्रश्न एवढाच की शब्द परका असला म्हणजे पदार्थही परका ठरतो काय? आणि परक्या वाटेने आलेली वस्तू देवासमोर ठेवता येत नाही, असा आपल्या देवघरांचा खरोखरच परिपाठ आहे काय? या दोन प्रश्नांचा माग काढताना जी हकीकत हाती आली ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावांचा विचार करू. फळ साखरेच्या पाकात मंद आचेवर शिजवावे, वेलची, लवंग, दालचिनी, केशर यांचा वास त्यास लावावा आणि ते पाकातच मुरू द्यावे, या कृतीला आपल्याकडे मुरंबा, मुरांबा, मोरांबा अशी नावे आहेत. कैरी किसून साखरेत शिजविली की तो साखरांबा, गुळात शिजविली की गुळांबा. घरोघर या नावांच्या सीमा थोड्याफार सरकतात, त्यावरून सासुरवाशिणींचे विनोदी खटकेही उडतात. येळ्ळूरच्या आसपास कानडी बोलणाऱ्या घरांत गेलो तर तेथेही 'गुळंब' म्हणून हीच वस्तू पुढे येते. गोव्यात आणि कारवारकडे गेलो तर नाव पालटते, पण फळ, गोडवा आणि मसाला ही त्रयी सुटत नाही. गोव्यातील सारस्वत घरांत रसाळ घोंटांचे अथवा अननसाचे सासंव होते, त्यात गूळ, खोबरे आणि वाटलेली मोहरी असते. कारवार, कुमठा, मंगळूर या पट्ट्यात लहान पिकले आंबे साल काढून कोयीसकट गुळाच्या पाकात शिजवितात, वरून मोहरी आणि सुक्या मिरचीची फोडणी देतात आणि त्यास आंब्यांची उपकरी म्हणतात. ही दोन्ही ताजी खाण्याची पक्वान्ने होत. मुरांबा हा वर्षभर टिकविण्याचा. भेद टिकाऊपणाचा आहे, घराणे एकच आहे.

'मुरब्बा' हा शब्द अरबीच आहे, यात संशय नाही. ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ पोसणे, वाढविणे, जोपासणे असा आहे. साखरेत जोपासलेले फळ ते मुरब्बा. फारशीच्या वाटेने तो दख्खनच्या भाषांत उतरला. मराठीत उतरताना मात्र त्याचे रूप नकळत पालटले. 'मुरणे' हे क्रियापद आपल्यापाशी होतेच. लोणचे मुरते, दही मुरते, मनात गोष्टही मुरते. आणि ज्या फळाचा हा पदार्थ आपण सर्वाधिक करतो तो आंबा. ऐकणाऱ्याने 'मुरब्बा' ऐकला आणि बोलताना 'मुरांबा' म्हटले. मुरलेला आंबा असा त्याचा अर्थ आज कोणीही मराठी माणूस न शिकवता लावील. व्युत्पत्तीच्या शास्त्रात यास लोकव्युत्पत्ती म्हणतात. पाहुण्यास घरचे नाव देऊन ठेवून घेण्याची ही भाषेची रीत आहे.

गंमत पुढेच आहे. अरबांपाशी मुरब्बा हा शब्द होता, तसाच त्याच अर्थाचा दुसराही एक शब्द होता, तो म्हणजे 'अंबजात'. मधात अथवा साखरेत मुरविलेल्या फळांना आणि औषधी द्रव्यांना तो लावीत. अरबी कोशकार त्याचे मूळ सांगतात ते असे: 'अंबज' हे हिंदुस्थानातील एका झाडाचे फळ, ते मधात घालून टिकविलेले येई, त्यावरून मधात मुरविलेल्या सर्वच वस्तूंना अंबजात म्हणू लागले. हा अंबज म्हणजे आपला आंबा होय. संस्कृत आम्र, प्राकृत अंब, फारशी अंबा आणि अरबी अंबज अशी ही सरळ साखळी आहे. दहाव्या शतकात बगदाद येथे इब्न सय्यार अल्-वर्राक याने पाकशास्त्रावर मोठा ग्रंथ रचला. त्या काळच्या बगदादी स्वयंपाकघरांत आणि औषधांच्या दुकानांत हा शब्द रुळलेला होता. म्हणजे ज्या पदार्थास आम्ही अरबी नावामुळे परका म्हणतो, त्याच पदार्थास अरबांनी एके काळी आमच्या आंब्याचे नाव दिले होते.

साखरेची कथाही अशीच जाऊन येणारी आहे. उसाच्या रसापासून घन, दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात वाढली. संस्कृत 'शर्करा' फारशीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि युरोपातील भाषांत तिची शुगर, सुक्रे, अशूकार अशी रूपे झाली. आपली 'खंड' म्हणजे खडीसाखर फारशी-अरबीत कंद झाली आणि इंग्रजांच्या मुलांच्या तोंडी कँडी होऊन बसली. उलट, साखर शुभ्र करण्याच्या रीती बाहेरून आल्या तेव्हा तिला आपण 'चिनी' म्हटले, मिसर देशाच्या नावावरून 'मिसरी' म्हटले. पुढे एकोणिसाव्या शतकात मॉरिशस बेटावरून कारखान्याची पांढरी साखर गलबतांनी येऊ लागली, तिला महाराष्ट्रात 'मोरस साखर' असे नाव पडले. या शब्दांवरून एवढे निश्चित होते की गोडव्याने सागर ओलांडताना आपलेपण टाकले नाही आणि परत येताना नवे नाव घेण्यास तो लाजलाही नाही.

परंतु नावे बाजूस ठेवून कृतीकडे पाहिले तर काय दिसते? फळ शिजवून गोड पाकात सुगंधी द्रव्यांसह टिकविण्याची सर्वांत प्रसिद्ध जुनी कृती चरकसंहितेत आहे. चिकित्सास्थानाच्या आरंभीच्या रसायनाध्यायात च्यवनप्राश सांगितला आहे. त्यासाठी पाचशे आवळे घेऊन काढ्यात शिजवावेत, बिया काढून तुपातेलात परतावेत, मत्स्यंडिका नावाच्या साखरेत पाक करावा आणि शेवटी पिंपळी, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर यांची पूड व मध घालावा असे विधान आहे. यात फळ आहे, साखर आहे, आणि आजही मुरांब्यात पडणारी वेलची-दालचिनी आहे. अर्थात हा अवलेह आहे, चाटून घेण्याचे औषध आहे. फळाची फोड अखंड राहावी, पाक काचेसारखा स्वच्छ असावा, ही मुरांब्याची ओळख त्यात नाही. ती ओळख साखर अधिक शुभ्र करण्याची कला वाढल्यावर पश्चिम आशियातील रसोयांनी आणि हकिमांनी ठळक केली, हे मान्य केल्याने आपले काही उणे होत नाही.

आपल्या प्रदेशापुरते बोलायचे तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे 1129 साली सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' या ग्रंथात अन्नभोग आणि पानीयभोग यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. राजाने प्रजापालनाबरोबर पाकशास्त्रावरही लिहावे, हा त्या काळच्या दरबाराचा अभिमान होता. बेळगाव तेव्हा वेणुग्राम म्हणून ओळखले जाई आणि पुढे सौंदत्तीच्या रट्ट राजांची ती राजधानी झाली. 1472 साली बहमनी वजीर महमूद गावान याने बेळगावचा किल्ला घेतला. नंतर तो आदिलशाहीकडे गेला आणि असदखान लारी हा इराणी वंशाचा सरदार येथे नांदला. फारशी राजकारभाराबरोबर खाद्यपदार्थांचे शब्दही या किल्ल्याच्या वेशीतून गावोगाव झिरपले असतील तर नवल नाही. राज्याभिषेकानंतर छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो प्रयत्न थोर होता. तरीही वाटी, चमचा, मसाला, मुरांबा यांच्यासारख्या स्वयंपाकघरातील मिश्र संसाराला त्याने धक्का लावला नाही. चुलीपाशी आलेला शब्द सहसा परत जात नाही.

आता देवघराच्या प्रश्नाकडे वळू. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची कुलदैवते गोमंतकात आहेत. 1560 साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, रातोरात हलवून पोर्तुगीज अमलाबाहेर अंत्रुज महालात प्रियोळ येथे नेले गेले, ही गोष्ट आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. त्या वेळी अंत्रुज आदिलशाहीकडे होता, हेही ध्यानी ठेवावे. याच काळात ज्या पोर्तुगीजांमुळे देव हलवावे लागले त्यांच्याच गलबतांतून ब्राझीलकडील अननस, काजू, पेरू, पपई ही फळे आपल्या किनाऱ्यास लागली. आंब्याची कलमे बांधण्याची कलाही गोव्यात त्यांनीच वाढविली. हापूस हे नावसुद्धा आफोंसो द आल्बुकेर्क याच्यावरून आलेले आहे. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ता याच्या संवादरूप ग्रंथात आंब्यावर आणि हिरडा, बेहडा, आवळा यांवर प्रकरणे आहेत. हिरड्या-आवळ्याचे पाकातले जतन युरोपच्या औषधविक्रेत्यांस त्याआधीच ठाऊक होते.

पोर्तुगीजांचीही मुरांब्याची एक परंपरा होती. त्यांच्या देशात मार्मेलो नावाच्या आंबट फळाचा साखरेत आटवून वड्या पडतील असा गोळा करीत, तो मार्मेलाद. इंग्रजांचे मार्मलेड हे नाव त्यावरूनच पडले. नाशपातीचा तो पेराद. गोव्यात ती फळे मिळेनात, तेव्हा पेरूचा पेराद झाला आणि आंब्याचा मांगाड झाला. तेच पेराद आज गोमंतकीय हिंदू घरांतही चतुर्थीच्या आसपास होते आणि कोणी त्याची जात विचारीत नाही. अननसाचा शिरा सत्यनारायणाच्या प्रसादास चालतो. हापूस आंब्याचा रस देवास दाखविल्यावाचून आपण मोसमाचा पहिला घास घेत नाही. पुरीच्या श्रीजगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा आणि टोमॅटो यांना आजही स्थान नाही आणि श्राद्धाच्या स्वयंपाकातही नव्या भाज्या वर्ज्य मानणारी घरे आहेत. त्या त्या स्थानाचा तो आचार आहे, त्याचा आदर ठेवावा. पण जेथे अननस, पेरू आणि काजू पानावर बसले तेथे चरकाच्या आवळ्याचा आणि आपल्याच आंब्याचा वारस केवळ नावामुळे उठविला जावा, हे न्यायाचे दिसत नाही.

साखरेविषयीचा संशय मात्र एके काळी खरा आणि सकारण होता. कारखान्यात साखर शुभ्र करण्यासाठी हाडांच्या कोळशाचा उपयोग होत असे. बंगालच्या फाळणीनंतर 1905 पासून स्वदेशीची चळवळ पेटली, तेव्हा परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला आणि त्यास धर्मभावनेचेही बळ मिळाले. सोवळ्याच्या कित्येक घरांनी मोरस साखर सोडून गूळ अथवा देशी साखर धरली. गुळांब्याचे आपल्याकडे एवढे प्रस्थ आहे त्यास चव आणि स्वस्ताई यांच्या जोडीने हे कारणही घडले असावे. बेळगावचा वायव्य शेजारी कोल्हापूर हा गुळाचा प्रख्यात प्रदेश. 2014 साली कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनही मिळाले. पुढे बेळगाव जिल्ह्यातच उगार येथे 1939 साली साखर कारखाना उभा राहिला, आणि साखर परदेशी राहिली नाही. तिकडे दुसऱ्या महायुद्धातील नियंत्रणाच्या काळात शिधापत्रिकेवर मोजकीच साखर मिळू लागली, तेव्हा बरणी पुन्हा गुळाकडे वळली. प्रत्येक पिढीच्या मुरांब्यात त्या पिढीचा काळ असा उतरलेला असतो.

छापील ग्रंथांनी या कलेची नोंद राखली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 साली प्रसिद्ध झाले; लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 साली आले; सारस्वत महिला समाजाने 'रसचंद्रिका' सिद्ध करून आपल्या ज्ञातीच्या पाककृती एकत्र केल्या; आणि 1970 साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटीचमच्याचे माप घरोघर पोचविले. तरीही मुरांबा पुस्तकावरून शिकलेली गृहिणी विरळाच. तो पाहून शिकावा लागतो. म्हणून आम्ही येळ्ळूरच्या आजींच्या चुलीपाशी पुन्हा जाऊन बसलो.

येळ्ळूर हे बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या परिसरात वसलेले गाव. गडास येळ्ळूरगड असेही म्हणतात. गावात श्रीचांगळेश्वरीचे स्थान आहे, गडावर सिद्धेश्वर आहे, आणि शिवारातला सुवासिक बासमती तांदूळ पंचक्रोशीत नावाजलेला आहे. मसाल्याची खरेदी बेळगावच्या रविवार पेठेत अथवा खडेबाजारात होते. हापूस खाली कोकणातून, आंबोली आणि रामघाट यांच्या जुन्या वाटांनी घाट चढून येत आला. मुरांब्याला मात्र हापूस लागत नाही. त्यास पाडाची वाट न पाहिलेली, करकरीत, आत कोय नुकती धरलेली गावठी कैरीच उत्तम.

आजींची रीत अशी. कैऱ्या धुऊन, पुसून, साल काढून बोटाच्या पेराएवढ्या फोडी कराव्या. किलोभर फोडींस सव्वा किलो साखर घ्यावी. कैरी फार आंबट असेल तर थोडी अधिक. फोडी आधी वाफेवर अथवा आधणाच्या पाण्यात जेमतेम इतक्या शिजवाव्या की कडा पारदर्शक दिसाव्या पण फोड मोडू नये. कल्हई केलेले पातेले घ्यावे, कारण कैरीच्या आम्लाने उघड्या पितळेचा कळकट उतरतो. साखर बुडेल एवढे पाणी घालून एकतारी पाक करावा, फोडी त्यात सोडाव्या, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळून पातेले उतरावे आणि रात्रभर झाकून ठेवावे. दुसऱ्या दिवशी फोडी निथळून नुसता पाक आटवावा आणि पुन्हा त्यांवर ओतावा. तिसऱ्या दिवशी तसेच करून पाक दोनतारीच्या बेतास आणावा. शेवटच्या उकळीस आठ-दहा लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दुधाऐवजी पाकातच खललेले केशर घालावे. वेलचीची पूड उतरल्यावर. चौथ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावर, उन्हात तापविलेल्या कोरड्या चिनी मातीच्या बरणीत भरावा, तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधावा आणि बरणीत ओला चमचा कधी घालू नये. आवळ्याचा करायचा तर आवळे काट्याने टोचून तुरटीच्या पाण्यात ठेवावे, वारंवार धुवावे आणि मग हीच रीत धरावी. करवंदेही या रीतीने होतात.

"एका दिवसात का नाही होत, आजी?" असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "घाई केली की फळ रुसतंय बघा. अंग चोरून घेतं."

हे उत्तर शास्त्राच्या कसोटीस उतरणारे आहे. फळातील रस पातळ आणि बाहेरील पाक एकदम दाट असला तर फोडीतील पाणी झपाट्याने बाहेर ओढले जाते, साखर आत शिरण्यास अवधी मिळत नाही आणि फोड आक्रसून चिवट होते. पाक दिवसादिवसाने दाट केला तर पाणी बाहेर येते तशी साखरही आत जाते आणि फोड भरलेली राहते. कैरीचे आम्ल साखरेच्या काही अंशाचे द्राक्षशर्करा आणि फलशर्करा असे विभाजन करते, म्हणून पाकाची खडी बनत नाही. आवळ्याच्या पाकात लिंबू पिळतात तेही याचसाठी. आणि पाकात साखर पुरेशी असली म्हणजे बुरशी व जंतूंना जगण्यास लागणारे मोकळे पाणीच उरत नाही. भारत सरकारच्या 1955 च्या फळपदार्थविषयक आदेशाने मुरब्ब्यात विद्राव्य घनांश निदान 68 टक्के आणि फळ निदान 55 टक्के असावे असे ठरविले होते.  आजींची दोनतारी परीक्षा या आकड्याच्या जवळपास येते. एक बारीक गोष्ट आणखी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, म्हणून येथे पाणी 100 अंशांऐवजी साडेसत्त्याण्णवाच्या आसपास उकळते. तेव्हा मुंबईच्या तापमापकावरील पाकाचा अंश येथे वापरला तर पाक फाजील आटतो. बोटांमधील तारेला मात्र समुद्रसपाटी ठाऊक नसते. ती मुंबईत आणि येळ्ळूरात सारखीच निघते.

येळ्ळूरचे नाव घेतल्यावर सीमेचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. 1966 साली महाजन आयोग नेमला गेला, 1967 साली त्याचा अहवाल आला. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. 2014 च्या जुलैत येळ्ळूरच्या वेशीवरील 'महाराष्ट्र राज्य' हा फलक हटविण्यात आला, तेव्हा या लहानशा गावाचे नाव देशभर गेले. त्या दिवसांतील लाठीमाराच्या आठवणी अजून ताज्या आहेत. आपल्या भाषेत शिकावे, आपल्या भाषेत कागद मिळावा, ही येथील मराठी माणसांची आस सोपी नाही आणि तिची थट्टाही होऊ नये. आम्हांस येथे एवढेच नमूद करावयाचे आहे की त्याच आजींच्या घरी आदल्या दिवशी शेजारच्या कानडी घरातून गुळंबाची वाटी आली होती आणि परत जाताना ती वाटी मुरांब्याने भरून गेली होती. रिकामी वाटी परत करू नये, ही रीत दोन्ही घरांत एकच. गुळंब आणि गुळांबा यांत एका स्वराचे अंतर आहे. तो कोणी कोणाकडून घेतला हे शोधू जाता हाती काही लागेल असे वाटत नाही.

खरी चिंता वेगळीच आहे. येळ्ळूरच्या आसपासची शेते शहराच्या वाढीपुढे आक्रसत आहेत, बांधावरची गावठी आंब्याची झाडे तुटत आहेत. मुली-सुना नोकरीस जातात, चार दिवसांची उस्तवार त्यांनी कुठून करावी? दुकानात बाटली मिळते. तिच्यात फळ किती आणि पाक किती, हे झाकणावरील बारीक अक्षरांत पाहावे लागते. परक्या शब्दाने मुरांबा भ्रष्ट झाला नाही, आठशे-हजार वर्षे तो टिकला. पण ज्या घरात तो कोणी करीत नाही, त्या घरातून तो एका पिढीत जातो. मग देवाच्या पानावर वाढावा की न वाढावा हा वादही उरत नाही.

हा मजकूर पुरा झाल्यावर आम्ही तो आजींना वाचून दाखविला. अरबी, फारशी, पोर्तुगीज यांचा भाग त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "नावाचं तुम्ही शिकलेली माणसं बघा. मी बरणी भरली की पहिली वाटी देवापुढं ठेवतोय. त्याशिवाय आजवर बरणीला चमचा लावलेला न्हाई." त्या दिवशी पानावरून उठविलेली वाटी त्यांनी फेकली नव्हती. पाहुणे गेल्यावर ती देव्हाऱ्यात ठेवली होती.

आमच्या वाचकांस विनंती एवढीच की घरात अशी वडीलधारी बाई असेल तर येत्या चैत्रात तिच्याजवळ बसून हे चार दिवस पाहून घ्यावेत, प्रमाण लिहून ठेवावे, मराठीत, कोंकणीत, ज्या भाषेत ती सांगेल त्या भाषेत.